बासूची गाडी चढत नाही

तिसऱ्या वळणावर गाडी बंद पडली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि तूदाच्या पाठीवर सरपणाचा भारा होता. तिनं भारा खाली टाकला, ओढणी कमरेला खोचली आणि गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. आता तिला सांगावं लागत नसे. गेल्या पंधरा दिवसांत हा तिचा रोजचाच धंदा झाला होता.

"लाव जोर," तिचा नवरा बासू सीटवरूनच म्हणाला.

"लावते. तुमी आधी खाली उतरा."

"म्या उतरल्यावर रेस कोन देनार?"

"रेस देऊन डोंगराला भ्या दावताय व्हय? अवो, खेचर इकलं तवाच म्या म्हनलं हुतं, ह्याच्या जागी आता मलाच जुंपनार!"

बासूनं ते ऐकलं नाही, कारण त्यानं मूठ पिळली होती. असा काही गडगडाट झाला, की समोरच्या कड्यावरून तो तसाच्या तसा परत आला. मागच्या नळकांड्यातून काळा धूर निघाला आणि तूदाचं तोंड तव्यासारखं झालं. गाडी मात्र वीतभरही सरकली नाही.

ही गाडी आधी अशी नव्हती. उंच चाकाची, दीडशे सीसीची मोटारसायकल, डांबरावर चालणारी तशीच खडकातही चालणारी. जवाची दोन पोती आणि वर तूदा, एवढं घेऊन ती गावावरच्या डोंगराची सातही वळणं चढायची, तेही कुरकुर न करता. पण आवाज शिवणयंत्राचा. खालच्या खोऱ्यातल्या एका लग्नात कुणीतरी म्हणालं, "बासू आला जनू, शिवनयंत्र वाजतंय," आणि सगळा मांडव हसला. माणूस उपास काढील, पण चारचौघांतलं हसणं त्याला पचत नाही. बासूनं पुढच्याच बाजाराच्या दिवशी खेचर विकलं आणि सपाटीवरच्या बाजारगावात बुश्ता मिस्त्रीचं दुकान गाठलं.

बुश्तानं सायलेन्सरमधली पुंगळी काढून फेकली, भोंग्यासारखं तोंड असलेलं नळकांडं बसवलं, हवेची पेटी उघडी केली आणि कार्बुरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा मोठ्या भोकाचा जेट घातला. "घोड्याला पोटभर पिऊ दे, मग बघ," म्हणाला. सपाटीवर गाडी खरोखरच उधळली. पण बुश्ता तोवर जन्मात कधी डोंगर चढलेला नव्हता. वर हवा विरळ, आणि पेट्रोल मात्र तेवढंच ओतलेलं. गाडीला अजीर्ण झालं. गावापर्यंत कशीबशी यायची, आणि गावाच्या वर तिसऱ्या वळणाला धूर ओकून मरायची.

हे फक्त तूदाला ठाऊक होतं. गावाला ठाऊक होता तो आवाज आणि बासूचं तोंड. मशिदीच्या ओट्यावर चहा पिताना तो सांगायचा, "तीन खोऱ्यांत असली फायरिंग दुसरी न्हाई. डोळं मिटून सांगाल, ह्यो बासू चालला. आन् चढाला? चढाला तर इचारूच नगा!"

कुणी विचारत नव्हतं. पण ऐकत सगळे होते.

तूदा गाडी ढकलत होती त्या मंगळवारी दुपारी तो गडगडाट अजून एक जण ऐकत होता, वरच्या कुरणाचा राखणदार झायद. वसंतापासून ते कुरण बंद असतं. ठरल्या दिवशी सूर्य उगवला की हद्दीच्या दगडांपासून सगळी घरं एकदम सुटतात, आणि झऱ्याकाठी ज्याचा तंबू पहिला पडेल त्याची ती उन्हाळाभराची जागा. त्याआधी कुणी दगड ओलांडला, तर जमातीला मेंढा कापून जेवण द्यायचं आणि कुरण उघडल्यावर आठ दिवस मागं राहायचं. आठ दिवसांनी तिथं झऱ्याकाठी गवत नसतं, लेंड्या असतात. औंदा बर्फ पडलंच नव्हतं. खालचे उतार उघडे बोडके, बासूच्या चाळीस मेंढ्यांच्या आचळांत दूध नाही, आणि कोकरं आईला ढुशा मारून मारून थकलेली. झऱ्याची जागा मिळाली तर निम्मी कोकरं वाचणार होती. नाही मिळाली तर हिशेब करायलाही काही उरणार नव्हतं. कुरण उघडायला अजून दहा दिवस होते.

गुरुवारी गावची जमात पंचायतीला बसली. झायद काठी आपटून म्हणाला, "मंगळवारी दुपारी ह्याची गाडी कुरणाच्या आत फिरत हुती. म्या ह्या कानानं ऐकली. दोन धनगरांनी बी ऐकली."

"डोळ्यानं बघितली का?" अमगार हद्दूनं विचारलं. अमगार म्हणजे त्या वर्षीचा गावचा म्होरक्या. म्हातारा होता, बोलायचा कमी.

"बघायला कशापायी पायजे काका? त्योच म्हनतोय न्हवं, डोळं मिटून सांगाल!"

सगळे हसले. बासू पुढं झाला. "काका, त्यो कड्यावरनं फिरलेला आवाज. म्या खाली तिसऱ्या वळनावर हुतो."

"तिसऱ्या वळनावर काय करत हुतास?" हद्दूनं विचारलं.

आता खरं सांगावं तर अब्रू जाते, आणि न सांगावं तर मेंढ्या जातात. बासूनं डोक्याचं पागोटं सोडलं, पुन्हा बांधलं. भिंतीपलीकडे बाया उभ्या होत्या. तिथून तूदाचा आवाज आला, "सांगा की! का म्या सांगू?"

"ती... चढत न्हाई," बासू पुटपुटला.

"आँ?" हद्दूनं कानाला हात लावला.

"चढत न्हाई म्हनलं."

"जरा मोठ्यानं बोल, मागच्यांस्नी ऐकू यीना."

"माजी गाडी चढत न्हाई!" बासू ओरडला. "तिसऱ्या वळनाला मरती! बायकू ढकलती!"

हसून हसून एका म्हाताऱ्याच्या हातातला चहा सांडला. ओट्यावरच जीभ आवरली असती तर ही पाळी आली नसती, हे बासूलाही कळत होतं. पण आता काय? हद्दू मात्र हसला नाही. म्हणाला, "मग उद्या नमाजानंतर समद्या गावाम्होरं चढवून दाव. मेली तर तू खरा. दगडापतूर गेली तर झायद खरा."

बासू घरी आला तो हलका होऊनच. अब्रू गेली होती, पण जागा वाचणार होती. तूदानं कितीतरी दिवसांनी त्याला भाकरीबरोबर राखून ठेवलेलं लोणी वाढलं. "उद्याच्याला नीट मरू द्या तिला," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव वाटेच्या तोंडाशी जमलं. बायामाणसं घरांच्या धाब्यांवर चढली होती. "बासू, तूदाला मागं घे की! वाटंत मजूर कुटं गावायचा?" कुणीतरी ओरडलं. बासू मान खाली घालून गाडीवर बसला. तेवढ्यात गर्दीतून बुश्ता मिस्त्री पुढं आला आणि त्याच्या कानाला लागला.

"घाबरू नको बासू. काल जमातीची बातमी बाजारात आली तसा म्या वर आलो, सांजच्याला तू नमाजाला गेलतास. जेट बदलला, बारीक घातला. माजं काम वंगाळ असंल, पर चार गावांत 'बुश्ताची गाडी मेली' असं म्या हू देनार न्हाई. आता ती शेळीवानी चढंल."

"कुनी सांगितलं हुतं रं तुला, मेल्या!" बासूनं त्याचं मनगट धरलं. "माज्या मेंढ्या—"

पण हद्दूनं काठी वर केली होती.

बासू निघाला. पहिल्या वळणातच त्याला कळलं. धूर नाही, गुदमरणं नाही. मूठ पिळावी आणि गाडीनं पोटातून ओढ घ्यावी, असं ह्या चढावर कधी झालंच नव्हतं. त्यानं मनाशी पक्कं केलं, तिसऱ्या वळणाला चावी फिरवायची आणि खाली उतरायचं. कुणाला कळणार आहे? दुसरं वळण गेलं. तिसरं आलं. त्यानं खाली पाहिलं. सगळं गाव हसायला तोंड उघडून तयार बसलेलं. लग्नातला तो मांडवच जणू उठून इथं आला होता. चावी हाताशी होती. त्यानं हात नेलाही.

आणि मूठ पिळली.

चौथं, पाचवं, सहावं. खालचं हसणं थांबलं होतं, हे त्याला त्या गडगडाटातही कळलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. वर हद्दीच्या दगडांपाशी झायद काठी आडवी धरून उभा होता. बासूला तिथंच थांबायचं होतं. पण अशा ओढीत असलेली गाडी थांबवायची म्हणजे लग्नाच्या ताटावरून उठायचं. झायद बाजूला उडी मारून वाचला. गाडी दगड ओलांडून आत गेली, गुडघाभर गवतातून झऱ्याला एक आख्खा फेरा मारून, चाकात हिरवी पाती गुंतवून परत आली.

बासू वळणं उतरून खाली आला. बुश्ता तेवढा छाती काढून उभा होता. हद्दूनं चाकातलं गवत बोटांनी उपटलं, हुंगलं, आणि शांतपणे म्हणाला, "मंगळवारचं खरं का खोटं अल्ला जानं. ते म्या सोडलं. पर आताचं काय करू? मेंढा जमातीला द्यायचा, आन् तुज्या मेंढ्या आठ दिस मागं. बोलायचं हाय काय?"

बासूनं गर्दीत तूदाला शोधलं. ती धाब्यावरून उतरून आली होती, आणि तिचा चेहरा बघून बायका मागं सरकल्या होत्या. बासूच्या कानात अजून घूं घूं चाललं होतं. तो पुढं झाला आणि हळूच तिला म्हणाला,

"तूदा, खरं सांग... खालून आवाज कसा येत हुता?"

तूदानं त्याच्याकडे बघितलं. मग ती वळली आणि कोकरांना घालायला उरल्यासुरल्या कोंड्याची पाटी शोधायला घराकडं चालू लागली.