भट्टीवाल्यांचा दुसरा गोल

ड्रायव्हरने हवेत धरलेली दोन बोटे तशीच राहिली. मास्तरांची कात्री कापडाच्या अर्ध्यावर थांबलेली, आणि तिची उघडी पाती मिटायचे मास्तरांना सुचत नव्हते. रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेले.

"मी परत विचारते," बाई म्हणाली. "तुम्ही म्हणालात, आधी पांढरी रेषा, मग दोन बोटं गवत, मग चेंडू. आणि चेंडू खांबाला चिकटलेला. मग काका, खांब कुठे होता?"

हा प्रश्न बेचाळीस वर्षांत त्या दुकानात कुणी विचारला नव्हता. विचारणारे कुणी तिथे आलेच नव्हते.

दर वर्षी अंतिम सामन्याच्या तारखेला, दुपारी तीन वाजता, मास्तर आपल्या शिवणकामाच्या दुकानाचे शटर अर्धे ओढून घेत आणि तो सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला जाई. भट्टीवाले विरुद्ध गोदीवाले. ओतकामाच्या कारखान्याचा संघ विरुद्ध बंदरातल्या हमालांचा. भट्टीवाल्यांनी त्या एकाच वर्षी अजिंक्यपद मिळवले; त्याआधी नाही, त्यानंतरही नाही. सुरुवातीला सांगणारे अकरा जण होते. आता तिघे उरले होते. नियम मात्र तोच राहिला: ज्याने ज्या जागेवरून जे पाहिले तेवढेच त्याने सांगायचे. गेलेल्या माणसाचा वाटा दुसऱ्याने उचलायचा नाही. त्यामुळे सामन्याला आता भगदाडे पडली होती. विसाव्या मिनिटापासून मध्यंतरापर्यंतचे जवळजवळ काहीच शिल्लक नव्हते, कारण त्या अंगाला बसणारे दोघे भाऊ एकामागून एक गेले. ती जागा आली की तिघेही काही वेळ गप्प बसत. मग मास्तर "मध्यंतर" म्हणत, आणि चहा येई.

मास्तरांकडे साठाव्या मिनिटाचा पहिला गोल होता, बरोबरी साधणारा. ड्रायव्हर जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. त्याच्याकडे अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाचा दुसरा, कारण तो गोलच्या जाळीला नाक लावून उभा होता. आणि फक्कीकडे सकाळ होती. फक्की म्हणजे मैदान आखणारा. पांढऱ्या भुकटीने रेषा ओढण्यात त्याचे आयुष्य गेले आणि त्या भुकटीचेच नाव त्याला चिकटले. दवाने भिजलेले गवत, कोपऱ्यातल्या खुंट्या, ताणलेली दोरी, हे सगळे तो नीट, सावकाश सांगे. पहिली शिट्टी वाजली की थांबे.

"फक्कीचा सामना सुरू व्हायच्या आधीच संपतो," ड्रायव्हर दर वर्षी म्हणे.

"माझा वाटा तेवढाच," फक्की दर वर्षी म्हणे.

आज बाई शटरखालून वाकून आत आली तेव्हा मास्तरांना वाटले, कपडे न्यायला आली असेल. पन्नाशीकडे झुकलेली, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, बोटांच्या टोकांना बारीक पांढरट चरे. चष्म्याच्या दुकानात काचा घासते, असे तिने सांगितले. मग म्हणाली, "मी गोदीवाल्यांच्या गोलकीपरची मुलगी."

"कोण, उघड्या दाराची?" ड्रायव्हरच्या तोंडून निसटले.

"हो, तीच. शाळेत हजेरी सोडली तर मलाही सगळे दारच म्हणायचे."

ड्रायव्हरने मान खाली घातली. मास्तरांनी स्टूल पुढे सरकवले. त्या गोलनंतर गावाने तिच्या बापाचे 'उघडे दार' हे नाव ठेवले होते. सुरुवातीला रागाने, मग सवयीने, आणि शेवटी ते कशावरून पडले हे ठाऊक नसलेली पोरेही तेच म्हणू लागली होती.

तिचे म्हणणे थोडक्यात होते. बाबा आता एक्याऐंशीचे. सकाळी काय खाल्ले ते दुपारी आठवत नाही. मुलीला कधी मुलगी म्हणतात, कधी नर्सबाई. पण तो एक क्षण त्यांच्यात लोखंडासारखा राहिला आहे. रोज संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहतात, जुना चेंडू दोन्ही हातांनी चौकटीला दाबून धरतात आणि विचारतात, गेला होता का.

"मी म्हणते, नव्हता गेला. तर म्हणतात, तू कुठे होतीस, तू तीन वर्षांची, आईच्या खांद्यावर झोपलेली. गोदीवाले काका येऊन सांगून गेले. तर म्हणतात, ही आपली माणसं, ती आपलंच म्हणणार. गोलच्या मागचा भट्टीवाला आण, म्हणतात. तो म्हणाला गेला होता, तर गेला होता. मग मी इथून हलतो." ती थांबली. "मागच्या महिन्यात त्या चौकटीतच पडले. मनगट मोडलं. आता प्लास्टरच्या हाताने उभे राहतात. परत पडले तर उठणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. मला होय किंवा नाही, यातलं एक घेऊन जायचंय. कुठलंही चालेल. फक्त खरं हवं. खोटं त्यांना अजून ओळखता येतं."

म्हणून ड्रायव्हरने आपला वाटा सांगितला. एरवी तो हातवारे करून सांगे. आज हात आवरून, साक्ष दिल्यासारखा बोलला. कोपऱ्यावरून आलेला चेंडू, डोक्यांची गर्दी, त्यातून खाली आलेला तो फटका, आणि आडवा झेपावलेला गोलकीपर. त्याने चेंडू दोन्ही हातांनी खांबाशी दाबून धरला. पण तोवर चेंडू पांढऱ्या रेषेच्या पलीकडे होता. मध्ये दोन बोटे गवत. लाइन्समनचे निशाण वर गेले ते योग्यच होते. "मला वाईट वाटतं ताई," तो म्हणाला होता, "पण मी डोळ्यांनी पाहिलं."

आणि त्यावर तिने तो प्रश्न विचारला होता.

"खांब कुठे होता म्हणजे?" ड्रायव्हर आता म्हणाला. "खांब जागेवर होता. खांब काय फिरायला जातात?"

बाईने मास्तरांच्या टेबलावरून मोजायची टेप घेतली आणि सरळ पसरली. तिच्यावर दोऱ्याचे एक रीळ उभे ठेवले, असे, की टेप त्याच्या बरोबर खालून गेली. तिच्या हालचालीत काच घासणाऱ्याची शांत नेमकेपणाची सवय होती.

"ही रेषा. हा खांब. रेषा खांबाइतकीच रुंद आणि खांबाच्या खालूनच जाते, हो ना? आता हे बटण खांबाला चिकटवा, आणि टेपच्या पलीकडे दोन बोटं गवत ठेवून दाखवा."

ड्रायव्हरने बटण रिळाला चिकटवले. ते टेपवर आले. त्याने ते मागे ढकलले. टेप सुटली, पण रीळही सुटले. त्याने कोटाचे मोठे बटण घेतले. मग रीळ बदलले.

"अरे, दाबतोस काय," मास्तर म्हणाले. "तो ब्रेक नाही."

"तुम्ही करून बघा."

मास्तरांनी करून पाहिले. कपड्याचा अर्धा इंच चाळीस वर्षे ओळखणारा तो माणूस बटणाकडे बघत राहिला. "एक काहीतरी चूक आहे," ते हळूच म्हणाले. "एक तर गवत नव्हतं, नाही तर चेंडू खांबाला नव्हता."

"दोन्ही होतं," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या आईची शपथ, दोन्ही होतं."

"बाबाही तेच म्हणतात," बाई म्हणाली. "खांबाला चिकटलेला. बोटांची सालं निघाली होती. त्याचा वण आहे अजून."

इतका वेळ आरशाखालच्या बाकावर बसलेला फक्की उठला. त्याचे उठणे नेहमीच लांबलेले असे, आधी एक गुडघा, मग दुसरा. तो टेबलाशी आला, टेपची दोन्ही टोके धरली आणि ती रिळाखालून ओढून चार बोटे पुढे आणली. रीळ मागे उघड्या लाकडावर एकटे उभे राहिले.

"आता ठेव," तो ड्रायव्हरला म्हणाला.

ड्रायव्हरने बटण रिळाला चिकटवले. टेपच्या आणि बटणाच्या मधे दोन बोटांची जागा होती.

"रेषा अशी होती," फक्की म्हणाला.

कुणी काही विचारायच्या आत तो बोलत गेला. सकाळ सांगायचा तेव्हा असायचा त्याच आवाजात. फक्त या वेळी तो शिट्टीपाशी थांबला नाही.

"त्या वर्षी खांब नवे होते. आपल्याच भट्टीत ओतलेले. दोरी नेहमी खांबाच्या मागच्या अंगाला बांधायची आणि भुकटीची पेटी दोरीच्या आतून, मैदानाच्या अंगाने, चालवायची. म्हणजे रेषा बरोबर खांबाखाली बसते. त्या सकाळी मागच्या अंगाला जाळीचे आकडे ठोकलेले. दोरी सारखी अडकत होती. म्हटलं, पुढून बांधू. पुढून बांधली, तर पेटी दोरीच्या बाहेरून, जाळीच्या अंगाने, न्यायला हवी. पण हाताला सवय आतून न्यायची. हात आतून गेला."

"आणि तुला दिसलं नाही?" मास्तरांनी विचारले.

"उभ्या माणसाला दिसत नाही. मध्यंतरात बुटांनी पुसलेली रेषा भरायला गेलो. वाकलो, तेव्हा दिसलं. खांब एकीकडे, रेषा एकीकडे."

"मग पंचाला सांगायचं."

"काय सांगायचं? आपण एका गोलने मागे होतो. मी भट्टीचा माणूस. सामना रद्द झाला असता, आणि सगळं मैदान म्हणालं असतं, हरायला लागले म्हणून मुद्दाम केलं. म्हटलं, शंभर सामन्यांत एकदा चेंडू नेमका रेषेवर थांबतो. आज कशाला थांबेल." त्याने टेपची एक सुरकुती बोटाने सरळ केली. "वाकडी म्हणजे वाकडी, त्याच रेषेवर परत भुकटी टाकली मी. पहिल्यांदा चुकलो होतो. दुसऱ्यांदा चूक नव्हती ती."

ड्रायव्हर खाली बसला. "बेचाळीस वर्षं," तो म्हणाला. "बेचाळीस वर्षं मूग गिळून बसलास. दर वर्षी माझी दोन बोटं बघत होतास."

"बघत होतो."

"नियम तरी पाळायचास. पाहिलं ते सांगायचं, ठरलं होतं ना आपलं?"

"मध्यंतर कुणीच सांगत नाही आपल्यात," फक्की म्हणाला. "मास्तर एक शब्द म्हणतात आणि चहा येतो. मला ते बरं पडलं."

बाई टेबलावरच्या बटणाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, रागही अजून पोचला नव्हता. "म्हणजे गेला होता की नव्हता?" तिने विचारले. "मला एकच न्यायचंय."

"गोलमध्ये गेला नव्हता. माझ्या रेषेच्या पलीकडे गेला होता. तुझ्या बाबांनी अडवला होता, पोरी. लाइन्समनने काय करायचं, त्याच्यासमोर मी काढलेली रेषा होती. हा ड्रायव्हरही खोटं बोललेला नाही."

"तुम्ही आधी का नाही आलात?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शब्द सुटे सुटे पडले. "आमचं घर बस डेपोच्या मागे आहे. चालत दहा मिनिटं. त्यांना त्या नावाने हाक मारलेली तुम्ही कधी ऐकलीच नाही का?"

"ऐकली. मीही मारली आहे एकदा. बाजारात. सगळे मारत होते."

बराच वेळ तिने त्याच्याकडे पाहिले. तो नजर चुकवील असे तिघांनाही वाटले. त्याने चुकवली नाही.

"हे मी जाऊन सांगितलं तर त्यांना पटायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "म्हणतील, तू कुठे होतीस."

"तू नको सांगू. मी येतो. ते गोलच्या मागचा माणूस मागतात ना? गोलच्या मागचा नाही मी. पण रेषा माझी, एवढं त्यांना कळेल. चौकटीपुढे आखून दाखवतो." तो मास्तरांकडे वळला. "खडूचा एक तुकडा द्या."

मास्तरांनी लगेच दिला नाही. त्यांच्या मागच्या भिंतीवर जिंकलेल्या संघाचा फोटो होता, कडा पिवळ्या पडलेला, चषक मधोमध. फोटोतली अर्धी माणसे त्यांच्याकडून कपडे शिवून घेत असत, आणि त्यांची मापे मास्तरांना अजून पाठ होती. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिले, एकदा बाईच्या हातांकडे. मग खण उघडून कापडावर खुणा करायचा एक चपटा, न वापरलेला खडू काढला आणि फक्कीच्या तळहातावर ठेवला.

"सांभाळून," ते म्हणाले. "लवकर तुटतो."

"त्यांना सावकाश सांगा," बाई फक्कीला म्हणाली. "आणि नावाने हाक मारा. त्यांच्या खऱ्या."

"ते मला माहीत नाही."

"वाटेत सांगते." ती शटरखालून वाकून बाहेर गेली.

फक्कीने टोपी घेतली. ड्रायव्हरने त्याची बाही धरली. त्याच्या पकडीत जोर नव्हता. आयुष्यभर मोठे चाक फिरवलेली ती बोटे कापडावर नुसती टेकली होती.

"जा, अडवत नाही तुला," तो म्हणाला. "पण एवढं सांगून जा. दुसरा गोल तो होता. तो नव्हता, तर एक एक बरोबरी. मग पुढे काय झालं असतं ते कुणी पाहिलेलंच नाही. मला नातू विचारतो, आजोबा, तुम्ही काय पाहिलं. मी त्याला काय सांगू? आपण जिंकलो होतो की नाही?"

फक्कीने बाही अलगद सोडवून घेतली, खडू वरच्या खिशात टाकला, गुडघ्यावर हात देऊन शटरखालून वाकला आणि बाईच्या मागोमाग रस्त्याला लागला.