कुरळ्या केसांचा सूड

मित्रांनो, मी कंगवा आहे. लाकडाचा, रुंद दातांचा, वापरून वापरून काळा पडलेला. माझा एक दात तुटलेला आहे. तो कोणी तोडला हे मी विसरलेलो नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

माझं लाकूड कडुनिंबाचं. अभनपूरच्या आठवडी बाजारात एका टोपलीत मी लाटणी आणि पळ्यांच्या खाली दबून पडलो होतो. कुमुदनं मला शोधून काढलं. तिनं माझ्या एकेका दातावरून अंगठा फिरवला, कुठे कुसळ लागतं का ते पाहिलं, आणि मग मला आपल्या कुरळ्या वेणीत खोचूनच ती रायपूरच्या बसमध्ये बसली. घरी पोचल्यावर तिनं मला रात्रभर खोबरेल तेलात ठेवलं. नव्या लाकडाला तेल पाजलं की ते केस ओढत नाही. अशी आंघोळ घालून माझं स्वागत झालं, आणि मला वाटलं, या घरात माझं आयुष्य सुखात जाणार.

घर चौबे कॉलनीत होतं. कुमुदचे यजमान दिवाकर रेल्वेच्या कचेरीत, मूळ गाव वर्धेकडचं. त्यांची एकुलती एक मुलगी अबोली. मित्रांनो, अबोलीचे केस तुम्ही पाहायला हवे होते. काळेभोर, स्प्रिंगसारखे, ओढला तर कंबरेपर्यंत येईल आणि सोडला तर पुन्हा कानाशी जाऊन बसेल असा एकेक केस. असे केस म्हणजे लाडावलेलं मूल. जबरदस्ती केली की हट्टाला पेटतं, समजुतीनं घेतलं की मांडीवर येऊन झोपतं.

कुमुद समजुतीनं घ्यायची. रविवारी सकाळी ती गॅसवर जवस उकळत ठेवायची. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरू लागलं की गरम असतानाच जुन्या मलमलीतून गाळायचं, गार झाल्यावर ते घट्ट होऊन गाळलं जात नाही. केस धुतले, कंडिशनर चोपडलं, की मग माझी पाळी. कोरड्या केसांत तिनं मला कधी घातलं नाही. ओल्या, बुळबुळीत केसांत मी उतरायचो, तेही टोकाकडून. आधी टोकाकडचे चार बोटं केस सुटे करायचे, मग त्याच्या वर, मग त्याच्याही वर, आणि टाळूपाशी सगळ्यात शेवटी. गुंता आला तर मी थांबायचो आणि कुमुदची बोटं पुढे व्हायची. नंतर ती जवसाचा गर तळहातावर घेऊन केस खालून वर मुठीत दाबायची, आणि दिवाकररावांच्या जुन्या सुती बनियनमध्ये ते गुंडाळून ठेवायची. टॉवेलनं खसाखसा पुसणं त्या घरात बंदच होतं.

"मम्मी, और कितना टाइम?" अबोली विचारायची. शाळेत सगळं हिंदी, त्यामुळे आईचं मराठी तिला कळायचं, पण उत्तर हिंदीतून यायचं.

"झालंच गं. हलू नको. हलली तर पुन्हा पहिल्यापासून."

वाळल्यावर केस कडक व्हायचे, कुरकुरीत. मग तेलाचा हात लावून ते हलकेच चुरायचे, की एकेक वळण मोकळं होऊन डोलू लागायचं. गल्लीतल्या बायका थांबून विचारायच्या, पार्लर कोणतं. कुमुद म्हणायची, "घरीच." तेव्हा मी खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात पडलेलो असायचो आणि फुशारून जायचो.

आता पद्मिनीबद्दल सांगतो.

पद्मिनी म्हणजे दिवाकररावांची थोरली बहीण, अबोलीची आत्या. राहायला दोन गल्ल्या पलीकडे. तिचे स्वतःचे केस सरळ, पातळ, तेल लावून डोक्याला चिकटवलेले. तिच्या पर्समध्ये बारीक दातांची प्लॅस्टिकची फणी असायची. घरात आली की चपला काढायच्या आधी तिचं लक्ष अबोलीच्या डोक्याकडे जायचं.

"काय गं कुमुद, पोट्टीच्या डोक्यावर घरटं बांधून राहिली का? चिमण्या येतील एखाद दिवशी."

अबोली हसायची, कारण लहान होती. थोडी मोठी झाल्यावर तिनं हसणं सोडलं. आत्या आली की ती केसांवरून ओढणी घ्यायला लागली. ही माझ्या रागाची सुरुवात.

अबोली सातवीत असताना पद्मिनीच्या मुलीचं, राधिकाचं लग्न ठरलं. मुलगा ऋषिकेश, घर तेलीबांध्याच्या नव्या सोसायटीत, माणसं मोठी. साखरपुडा पद्मिनीच्याच घरी होता. त्या सकाळी कुमुदनं अबोलीचे केस धुतले, जवस लावलं, बनियन गुंडाळलं, आणि ओल्या केसांनिशी तिला आत्याकडे सोडून ती स्टेशनवर गेली. नागपूरहून तिची आई येणार होती. गाडी लेट झाली. अबोलीनं मला आपल्या पिशवीतून सोबत नेलं होतं, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

पद्मिनीनं बनियन ओढून काढलं. "पाहुणे येऊन राहिले अन् हे असं डोकं? चाल, बस इथं."

तिनं आधी फणी घातली. ती अडकली. मग तिनं मला उचललं आणि सरळ टाळूपासून खाली ओढलं. मित्रांनो, मी काय करणार? गुंत्यात रुतलो. तिनं जोर लावला, अबोली किंचाळली, आणि माझा दात कटकन मोडला. पद्मिनीनं मला कोपऱ्यात भिरकावलं. दात मोडल्याचं दुःख मी एक वेळ गिळलं असतं.

पण मग तिनं राधिकाचं केस सरळ करायचं मशीन प्लगला लावलं. ओल्या केसांवर! तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज झाला. वाफ निघाली. जळका वास खोलीभर पसरला.

"आत्या, जल रहा है! छोड़ो ना!"

"काहून रडून राहिली? जरासं गरम लागतेच. सुंदर दिसायचं तर सोसा लागते."

पुढची एक बट मशीनमध्ये राहिली आणि मशीन उचललं तरी डोक्याकडे परतलीच नाही. पद्मिनीनं ती चिमटीत धरून केराच्या डब्यात टाकली आणि उरलेल्या डोक्यावर पुन्हा मशीन फिरवलं. बाहेर पाहुणे आले होते. अबोलीला पाणी द्यायला ट्रे हातात देऊन पाठवण्यात आलं. कपाळाजवळ बोटभर टक्कल, आणि बाकीचे केस खराट्यासारखे ताठ. पाहुण्यांतल्या एका बाईनं आपल्या लेकीला जवळ ओढून घेतलं, जणू अबोलीला काही लागण झाली होती.

कुमुद आली ती दारातच थबकली. नंतर स्वयंपाकघरात ती पद्मिनीसमोर उभी राहिली.

"तुम्हाले कोणं सांगितलं होतं, ताई?"

"केसच तं आहेत. येतीन परत. माह्या पोट्टीच्या साखरपुड्यात आता तमाशा नको करू."

दिवाकरराव मान खाली घालून म्हणाले, "जाऊ दे, कुमुद. मोठी आहे ती." त्यांचाही मला राग आहे. थोडा कमी, पण आहे.

घरी आल्यावर कुमुदनं जळलेल्या केसांना पुन्हा पाणी लावून पाहिलं. वळण परत येईना. उन्हानं किंवा आळसानं रुसलेले केस मनवता येतात, पण आतून उकळून फुटलेला केस मेलेला असतो. शेवटी कात्री घ्यावी लागली. कानाच्या वरपर्यंत सगळं कापलं गेलं. अबोली आरशात पाहत होती आणि रडत नव्हती. शाळेत तिला पोरं 'झाडू' म्हणू लागली. रोज संध्याकाळी ती मला हातात घेऊन बसायची, मोडक्या दाताच्या जागी बोट ठेवून. फिरवायला केस नव्हते, तरी बसायची.

एकदा तशीच बसली असताना ती हळू आवाजात म्हणाली, "दीदी की शादी में देखना." मी समजलो. त्या घरात आता आम्ही दोघं एका विचाराचे होतो.

नशिबानं साथ दिली. ऋषिकेशला त्याच्या कंपनीनं परदेशी पाठवलं आणि लग्न दोन वर्षं पुढे गेलं. केसांना दोन वर्षं पुरेशी असतात, फक्त कोणी त्यांच्या वाटेत येऊ नये.

अबोली आता स्वतः जवस उकळायची. कुमुदनं सॅटिनच्या जुन्या परकराची उशीची खोळ शिवली, कारण सुती खोळ रात्रभर केस घासते आणि त्यांचं तेल पिऊन टाकते. मे महिन्यात रायपूरचं ऊन भट्टीसारखं पेटलं की अबोली डोकं बांधूनच बाहेर पडायची. शाम्पू कमी, तेल आदल्या रात्री आणि तेही बेताचं. आत्याकडच्या कुठल्याही समारंभाला जायचं झालं, तर अबोलीचा नेमका पेपर असायचा. नवे केस आले ते पहिल्यापेक्षा दाट होते. आधी कानाशी गोळे झाले, मग खांद्यावर झुलले, मग त्यांनी उंची धरली. मी केसांच्या मुळांशी शिरून ते वर उचलायचो. प्रत्येक वेळी पद्मिनीचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर असायचं, आणि मी आणखी जीव लावून काम करायचो. प्रेमानं माणूस किती काळजी घेतो ते मला आधी माहीत होतं. रागानंही तितकीच घेतली जाते, हे तेव्हा समजलं.

लग्नाच्या दिवशी अबोलीनं केस मोकळे सोडले. शेवटचा हात म्हणून तिनं मला मागून केसांत खोचलं, मुळं वर उचलायला, आणि तेवढ्यात राधिकानं हाक मारली. ती तशीच धावली. मी आतच राहिलो. कोणाला दिसलो नाही, इतकं ते दाट रान होतं.

स्टेजवर सगळ्या घराचा फोटो काढायचा होता. पद्मिनी पैठणी नेसून राधिकाच्या शेजारी उभी होती. अबोलीला पाहताच तिचा चेहरा उतरला.

"तू मागं जा वं. सगळ्यात मागं. डोकं पाहा तुझं."

पण ऋषिकेशची आई शर्मिष्ठाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, मुलांना पुढे येऊ द्या ना! ये गं बेटा, इथे उभी राहा." विहीणबाईंसमोर पद्मिनी काय बोलणार? अबोली शांतपणे पुढच्या पायरीवर आली, आणि बरोबर आत्याच्या पुढे उभी राहिली.

चिराग नावाचा फोटोग्राफर ओरडला, "दीदी, थोड़ा झुकिए, पीछे आंटी कट रही हैं."

"हव भैया," अबोली म्हणाली आणि वाकली.

"एक... दो..."

तीनला ती ताठ उभी राहिली. मान सरळ, हनुवटी वर. मला मागून पद्मिनीचा श्वास लागत होता. तिनं डावीकडे मान काढली, केस डावीकडे डोलले. तिनं उजवीकडे काढली, तर मी होतोच. लख्खकन उजेड पडला.

फोटो बरेच काढले होते. पण एकात नवरदेवाचे डोळे मिटलेले, एकात त्याच्या काकांचं तोंड जांभईनं उघडलेलं. प्रत्येक जण फोटोत आधी स्वतःला शोधतो. शर्मिष्ठाबाईंना आपली सगळी माणसं ज्या एका फोटोत छान दिसली, तो त्यांनी निवडला, भिंतीएवढा मोठा करून घेतला, सोनेरी चौकट लावली आणि विहीणबाईंना भेट दिला. विहिणीची भेट! ती माळ्यावर टाकता येत नाही. ती पद्मिनीच्या बैठकीत, सोफ्याच्या वर, लावावीच लागली.

पहिल्या दिवाळीला सगळे तिथे जमले, तेव्हा अबोली मला पर्समध्ये घेऊन गेली होती. तिनं पर्स उघडीच ठेवली. फोटोत सगळे हसत होते. मधोमध केसांचा मोठा काळा ढग होता, आणि ढगाच्या बाजूला पैठणीचा काठ अन् हिरव्या बांगड्यांचा एक हात.

पद्मिनी कुमुदला हळूच म्हणाली, "माह्या एकुलत्या पोट्टीचं लग्न, अन् माहं तोंडच नाही."

कुमुदला वाईट वाटलं. तिनं पद्मिनीच्या हातावर हात ठेवला. मलाही वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. अबोलीकडे पाहिलं, ती करंजी खात होती.

तेवढ्यात शर्मिष्ठाबाई फोटोकडे पाहून म्हणाल्या, "या पोरीचे केस काय सुंदर आहेत हो! आमच्याकडेही हाच फोटो लावलाय, येणारा प्रत्येक माणूस विचारतो. कोणाची मुलगी?"

बैठकीतल्या सगळ्यांनी पद्मिनीकडे पाहिलं. पद्मिनीनं पदर सारखा केला. "माही भाची," ती म्हणाली. थोडं थांबून, कोणी मागितलं नसताना, तिला पुढचंही म्हणावं लागलं, "घरीच करते सगळं. केस चांगले आहेत तिचे."

आता पद्मिनीकडे येणारा प्रत्येक पाहुणाही विचारतो म्हणे. आणि दर वेळी तिला हेच सांगावं लागतं.

तर मित्रांनो, कुरळ्या केसांत कोरडा कंगवा घालू नका. घातलाच तर टोकाकडून वर चढा. ओल्या केसांजवळ तापलेलं मशीन नेऊ नका, आणि दुसऱ्याच्या डोक्याला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि तरीही कोणी तुमच्या केसांना घरटं म्हणालं, तर भांडत बसू नका. केस वाढवा, जीव लावून वाढवा. आणि फोटोच्या वेळी पुढच्या रांगेत जाऊन उभे राहा.