अर्ज फक्त चार ओळींचा होता

पप्पांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. काचेपलीकडून, फोन कानाला लावून.

"संस्कृती, एक अर्ज लिहून दे. मला माळ नको, शपथ सहीवर घेतो, एवढंच. सर म्हनले, लिहून दिलं तर चालतंय."

पप्पा जेलमध्ये आहेत. मार्केट यार्डातून टेम्पो घेऊन येताना, पिऊन, एका सायकलवाल्याला उडवलं. तो माणूस गेला. आत दारू सोडवायचा कोर्स असतो, एक संस्था घेते. शेवटच्या दिवशी देवाच्या फोटोपुढे हात जोडायचे, गळ्यात तुळशीची माळ घालून शपथ घ्यायची. मग सर्टिफिकेट. ते जोडलं की रजा मिळायला सोपं जातं. अवनीताईचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं.

आम्ही महानुभाव. आमच्यात पंथाबाहेरच्या देवापुढे वाकत नाहीत, त्याची माळ तर नाहीच नाही. पप्पा त्यात फार कडक. दारू पण पंथात चालत नाही, ते मात्र सोयीनं विसरलेले.

"तुम्हीच लिहा ना," मी म्हणाले.

"मला कुठं धड लिवता येतंय? तू नववीपर्यंत गेलीस."

झालं. शाळेचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

"नापास होऊन सोडलीय मी शाळा, माहितीय ना? आणि माळेनं काय गळा कापणारे का? पिताना आठवला होता पंथ? ताईच्या लग्नाला यायचंय का नाही, ते सांगा!"

शेजारच्या काचेपाशी उभी असलेली बाई वळून बघायला लागली. पप्पांनी फोन कानापासून थोडा लांब धरला, मग परत जवळ आणला.

"बरं, घालतो," म्हणाले. आईचे गुडघे कसे आहेत विचारलं. वेळ संपली.

लग्नाच्या चार दिवस आधी पप्पा घरी आले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. ते कधीच लावत नाहीत. सकाळी सगळे पूजेला आत बसलो, पप्पा उंबऱ्याबाहेर उभे. आधी कितीही पिऊन आले तरी सकाळी अंघोळ करून पहिले तेच आत असायचे.

"अहो, या की आत," आई म्हणाली.

"ही माळ घालून कसा येऊ?"

"मग काढा!" मी ओरडले.

"त्या मेलेल्या माणसाचं नाव घेऊन शपथ घेतलीय, बाई. ही काढली तर मी प्यायला मोकळा."

शांतपणे म्हणाले. चिडून बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

सासरी निघताना ताईनं देवापुढे डोकं टेकलं आणि मागं वळून पप्पांना शोधलं. ते बाहेर भाड्याच्या खुर्च्या एकावर एक रचत होते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी हातावरच्या मेंदीकडे बघत बसले.

रजा संपली, तेव्हा सोडायला मीच गेले. पप्पा आत गेले. मी रिक्षावाल्याकडून पेन घेतलं आणि गेटसमोर उभ्या उभ्या लिहिलं. माझ्या वडिलांना माळ नको. त्यांच्या पंथात चालत नाही. दारू सोडायची शपथ ते सहीवर घेतील. कृपया परवानगी द्यावी. पाच मिनिटं पण लागली नाहीत.

"कुणाला द्यायचाय?" गेटवरच्या शिपायानं विचारलं.

"कोर्सच्या सरांना."

त्यानं माझ्या हातातलाच अर्ज वाचला. "अगं, ती बॅच तर कधीच संपली."

"माहितीय," मी म्हणाले, आणि तरी हात पुढंच ठेवला.