डोंगराला दोरा फार लागतो

त्या गावात चेंडू जमिनीवर ठेवला तर तो ठेवला तिथेच राही. सांडलेल्या पाण्यालाही कुठल्या दिशेने वाहावं ते कळत नसे, इतकी सपाट जमीन. अशा गावात सरळरावांनी उभी हयात बस चालवली. खरं नाव वेगळं होतं. पण रस्ते सरळ, स्वभाव सरळ आणि डोक्यावरचा भांगही सरळ, म्हणून गावाने हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. त्यांची बायको घरी शिवणकाम करी. तिची थोरली बहीण तिला ‘धाकटे’ म्हणून हाक मारी. या गोष्टीच्या वेळी तिची साठी उलटली होती, तरी आपणही तिला धाकटीच म्हणू.

ताई लग्न होऊन गेली ती थेट सीमेपलीकडे, डोंगरात. दोन-तीन वर्षांनी तीच खाली येई आणि येताना धाकटीसाठी लोकरीचे जाड मोजे विणून आणी. सपाटीच्या उकाड्यात ते पायात कोण घालणार? पण धाकटी ते कपाटात एकावर एक रचून ठेवी. मग ताईच्या गुडघ्यांनी संप पुकारला. फोनवर ती म्हणाली, “आता मी काही उतरत नाही गं. उतरले तर परत चढवणार कोण? तूच ये एकदा. माझं घर तू पाहिलंच नाहीस.”

खरंच पाहिलं नव्हतं. ताई कुठल्या खिडकीपाशी बसून विणते, हे धाकटीला ठाऊक नव्हतं. ते पाहायचं आणि तेही दोघी चालत्याबोलत्या असताना, एवढीच तिची इच्छा राहिली होती.

सरळराव निवृत्त झाले तेव्हा त्यांनी जुनी पण धडधाकट गाडी घेतली आणि जाहीर केलं, “तुला ताईकडे मी नेणार. स्वतः चालवत.” शिवणाच्या खोलीत, मशीनच्या वरच्या भिंतीवर त्यांनी मोठा नकाशा लावला. धाकटीच्या खणातून टाचण्या आणि लाल दोऱ्याचं रीळ उचललं आणि रस्त्यावर टाचण्या टोचत त्यांच्याभोवती दोरा ओढायला सुरुवात केली. मग रोज संध्याकाळी तोच उद्योग. चहाला कुठे थांबायचं, मुक्काम कुठे, सीमेवरच्या चौकीत कुठल्या रांगेत उभं राहायचं. दोघांचे पासपोर्ट आले. धाकटीच्या फोटोकडे बघून लेक म्हणाली की आई, तुला बघून चौकीवाला आधी बॅगा उघडायला लावेल.

पण निघायचा दिवस काही ठरेना. हिवाळ्यात म्हणे वर बर्फ असतो. बर्फ सरला तर धुकं असतं. धुकं गेलं तर टायर बदलायला हवेत. टायर बदलले, तेव्हा सरळरावांना आरसे जुने वाटू लागले. लेकीने एकदा टोमणा मारलाच, “बाबा, एवढ्या तयारीत माणूस चंद्रावर जाऊन घरी जेवायला येतो.” सरळराव हसले, पण नेहमीसारखे नाही.

एकदा दुपारी धाकटी परकराला नाडी ओवत होती. मान अवघडली म्हणून तिने वर पाहिलं आणि तिची नजर लाल दोऱ्याच्या टोकाशी गेली. दोरा सपाटी ओलांडून, सीमा पार करून डोंगराच्या पायथ्याच्या गावापर्यंत गेला होता. तिथे तो कापला होता आणि टाचणीला घट्ट दुहेरी गाठ मारली होती. जन्मभर शिवण केलेल्या बाईला गाठीचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. शिवण पुढे न्यायची असेल तर कुणी गाठ मारत नाही.

सरळराव आत आले तेव्हा तिने नुसतं बोट दाखवलं.

“दोरा संपला,” ते म्हणाले.

धाकटीने खण उघडून रीळ काढलं. अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं.

ते स्टुलावर बसले. पायथ्याला चांगली खोली घेऊ, ताईला कुणीतरी गाडीत घालून खाली आणेल, दोघी बहिणी तिथेच भेटा, असं काहीबाही बोलत राहिले. ज्या बाईला अंगणाच्या पायऱ्या जड जातात, तिला अख्खा डोंगर उतरायला लावायचा? धाकटीने नाडीची पिन खाली ठेवली. भांडली नाही. नवरा खोटं बोलताना कानाची पाळी चोळतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तिने पाळी लाल होईपर्यंत वाट पाहिली.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीला लागले तेव्हा त्यांना शेजारच्या शहराची फेरी मिळाली होती. त्या वाटेवर एक उंच पूल होता. ऐन चढावर बस बंद पडली आणि मागे घरंगळू लागली. ब्रेक लागले, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, कंडक्टरनेही कधी तोंड उघडलं नाही. पण त्या दिवसापासून पुलाची फेरी आली की सरळराव ती दुसऱ्याशी बदलून घेत. निवृत्त होईपर्यंत.

“मला वाटायचं, दुपारी घरी जेवायला मिळावं म्हणून बदलता,” धाकटी म्हणाली.

“तेही खरंच होतं गं.”

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. पायथ्याला दुसरा ड्रायव्हर ठरवा, हे सहज म्हणता आलं असतं. लेक तर पहिल्यांदा तेच म्हणाली असती. पण जन्मभर पुढे बसलेल्या माणसाला मागच्या सीटवर बसवून बहिणीच्या दारात उतरायचं, हे धाकटीच्या मनाला पटेना. ती उठून मागच्या दाराशी गेली. वाऱ्याने आपटू नये म्हणून त्या दाराखाली एक लाकडी ठोकळा सरकवलेला असे, एका बाजूला निमुळता. तो काढून तिने पदराने पुसला.

“चला,” ती म्हणाली. “तुम्ही चढवा. गाडी थांबली की मी उतरून हा चाकामागे लावते. मग घरंगळून जाणार कुठे?”

“संसारात पाचर मारायची सवय आहेच तुला,” सरळराव म्हणाले. पण उठले.

अख्ख्या गावात चढ एकच होता. धान्याच्या गोदामात ट्रक मागे घ्यायला बांधलेला सिमेंटचा उतार. सुट्टीच्या दिवशी तिथे शुकशुकाट असे. गोदामाच्या राखणदाराला आधी वाटलं, म्हातारा-म्हातारी वाट चुकली. मग तो खुर्ची घेऊन बघायलाच बसला. पहिल्यांदा गाडी अर्ध्यावर बंद पडली. धाकटी पदर खोचून उतरली आणि तिने ठोकळा चाकामागे सरकवला. गाडी जराशी मागे रेलली आणि थांबली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा सरळराव घामाघूम झाले, तेव्हा ती खिडकीशी वाकून म्हणाली, “मी मागे आहे. घाई कुणाला आहे?”

असे किती रविवार गेले कोण जाणे. गावात बोलबाला झाला, की सरळराव म्हातारपणी बायकोला गोदामाची हवा खायला नेतात. शेवटी एका सकाळी गाडी अर्ध्या चढावर थांबली, तिथेच स्थिर राहिली, आणि मग धाकटीला उतरूही न देता एका दमात वर गेली. राखणदाराने टाळ्या वाजवल्या. सरळरावांनी वर पोहोचल्यावर बसच्या सवयीने मागे वळून विचारलं, “सगळे चढले का?”

घरी आल्यावर चपलाही न काढता ते नकाशापाशी गेले. गाठीला नवा दोरा जोडला आणि डोंगराच्या प्रत्येक वळणावर टाचणी टोचत निघाले. वळणामागून वळण, चुण्या घातल्यासारखं. ताईच्या गावाशी पोहोचेपर्यंत रीळ जवळजवळ रिकामं झालं.

“डोंगराला दोरा फार लागतो गं,” ते म्हणाले.

“लागू दे,” धाकटी म्हणाली आणि तिने फोन उचलला. पलीकडे ताईने उचलायला नेहमीसारखाच वेळ लावला.

“ताई, खिडकीपाशी बसून राहा. आम्ही वर येतोय.”

त्या घराचं मागचं दार पुढे कित्येक वर्षं वाऱ्याने आपटत राहिलं. ठोकळा ताईच्या अंगणातच विसरला होता, आणि दुसरा करून घ्यावा असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही.