पिपी मागे बघते

पिपी भुंकली आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"बस खाली, पेतेरा," वाइकुरा मावशी ओठ न हलवता म्हणाल्या. माझ्या बायकोच्या त्या सख्ख्या मावशी.

मराएच्या, आमच्या माओरी सभाघराच्या, ओसरीवर उघड्या पेटीत माझी बायको होती. मेरेआना. तांगीचा, मूठमातीआधी तिला निरोप द्यायचा, दुसरा दिवस. अंगणात पाहुण्यांतले एक म्हातारे काठी टेकून तिच्याशी बोलत होते, जा बाई, पुढे गेलेल्यांकडे सुखाने जा, असं सांगत होते. आणि माझं सगळं लक्ष समोरच्या डोंगरात.

"घळीच्या वरच्या अंगाला आहे," मी पुटपुटलो. "डुक्कर अडवलंय तिनं. मोठं दिसतंय."

"तुझी बायको इथं आहे."

"तिच्याच जेवणासाठी ना पण..."

"ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्यानं बसायचं. डुक्कर दुसरे आणतील. तुला काय आज कळतंय हे?"

कळत होतं. चौतीस वर्षं या खोऱ्यात कुणीही गेलं की मूठमातीनंतरच्या जेवणाला डुक्कर मी आणलं. रस्ते खात्यात ग्रेडर चालवायचो. सकाळी चाकू कमरेला लावून रजा मागायला गेलो की साहेब एवढंच विचारायचे, "कोण गेलं?" ताटात मांस पडलं की लोक म्हणायचे, पेतेराचं डुक्कर. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

कुत्री दोन. पिपी अर्धी मेंढ्या राखणारी, उरलेली अर्धी कशाची ते तिच्या आईलाच ठाऊक. ती डुक्कर हुडकायची आणि समोर उभी राहून भुंकत त्याला एका जागी अडवून धरायची. दुसरा टँक, त्याच्यात चार जातींची भेसळ, आणि चारही थोराड. तो कान धरून लटकायचा. मग चाकू घेऊन मी. दोघांना कधी कुणाच्या हाती दिलं नाही. शेजाऱ्याने हाड टाकलं तरी मी ओरडायचो. कुत्र्याला दोन धनी नसावेत, हे माझं तत्त्वज्ञान.

मेरेआनाला त्याचं हसू यायचं. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "माझ्या वेळी तू माझ्या उशाशी बसलेला असशील. मग डोंगरात कोण जाणार रे, तो पाद्री? रिपेकाला शिकव की."

"तू आधी कशाला जातेस?"

"मी काय तुला विचारून जाणारे?"

"बघू," मी म्हणालो. त्या 'बघू'ला अकरा वर्षं झाली.

रिपेका माझ्या बहिणीची मुलगी, शाळेची बस चालवते. आज पहाटे तीच दोन्ही कुत्र्यांना घेऊन वर गेली होती. भुंकणं सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. एकाच जागेवरून येत होतं. डुक्कर थकलेलं, पिपी थकलेली, आणि ही बाई कशाची वाट बघते आहे?

"टँकला सोड ना!"

हे मी मोठ्याने बोललो. अंगणातले म्हातारे वाक्याच्या मध्येच थांबले. मावशींनी माझी मांडी इतकी दाबली की नखं रुतली. मी खाली बघितलं. मेरेआनाचा चेहरा शांत होता, जणू 'सांगितलं होतं' म्हणून झालं होतं.

मग भुंकणं तुटलं. पुन्हा एकदा आलं, आणि थांबलं. डुकराची किंकाळी आली नाही. आली नाही म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

दुपारी रिपेका हातपाय धुऊन आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. गालावर काट्यांचे ओरखडे होते.

"मामा, टँकला सोडलं, पण तो माझ्या पायातून हलेना. पिपीनं धरलं होतं अडवून. पण सारखी मागं बघायची. मी दिसले की परत माझ्या मागं बघायची. तुम्ही येताय का ते बघत होती."

"मग?"

"तसंच एकदा बघितलं आणि डुक्कर निसटलं."

"लागलं का तिला?"

"नाही. मामा, मी काय चुकले?"

संताप इतका आला होता की डोळ्यांत पाणी आलं. पण तो हिच्यावर काढता येईना.

"तू नाही चुकलीस," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मेरेआनाला मातीत ठेवून आम्ही जेवायला बसलो. शहरातल्या दुकानातून आणलेलं डुक्कर होतं, पांढरंफटक, पाणचट. सगळ्यांनी वाढून घेतलं, छान आहे म्हणाले. कुणी माझं नाव काढलं नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

आठवड्याने मी रिपेकाला डोंगराखालच्या कुंपणाशी बोलावलं.

"चाकू तुझ्याकडे. पुढं तू."

"आणि तुम्ही?"

"मी इथंच."

तिने शीळ घातली. टँक चार पावलं गेला, थांबला. पिपी झाडीपर्यंत गेली आणि तिने मागे बघितलं.

मी पाठ फिरवली. कुंपणाच्या तारा मोजत उभा राहिलो. थोड्या वेळाने गवत वाजलं आणि माझ्या पोटरीला ओलं नाक लागलं. हात खिशात होते, तिथेच मुठी आवळल्या. तिला कुरवाळलं नाही. "जा," म्हणालो, तेही कुंपणाला.

रिपेकाने पुन्हा शीळ घातली. बराच वेळ नाक तिथेच होतं. मग नव्हतं.

मी वळलो नाही. पोटरीवरची ओल वाळली, तेव्हा वर कुठेतरी पिपी भुंकायला लागली.