पंच्याण्णव पौंड

"घाम डोळ्यांत गेला तर पुसायचा, तळहातात उतरला की थांबायचं. आणि सोबत कुणी नसेल तेव्हा रॉडला प्लेटा अडवणाऱ्या क्लिपा लावायच्या नाहीत. रॉड छातीवर अडकला तर एका अंगाला कलता कर, प्लेटा आपल्याआपण घसरून पडतील."

रोहेलिओने तीस वर्षं शाळेतल्या पोरांना वजन उचलायला शिकवलं, आणि असंच कधीतरी हौसेने बायकोला, हर्लिंडालाही सांगितलं होतं. आता त्याच्या तोंडून 'हो' आणि 'लिंडा' एवढंच निघे. नोव्हेंबरात झटका आला, उजवं अंग गेलं, आणि एकशे नव्वद पौंडांचा गडी पुढच्या खोलीतल्या पलंगाला खिळला.

हर्लिंडाने त्याला घरी ठेवायचं ठरवलं तेव्हा धाकटा दीर अन्सेल्मो दवाखान्यात चारचौघांसमोर म्हणाला होता, "वहिनी, दादाला उचलताना तुमचीच कंबर मोडली, तर मी आधी कुणाला उचलू?" लोक हसले. त्या दिवसापासून तिने दिराशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये तो दिसला की ती बाक बदलून बसे.

पण दवाखान्यातल्या नर्सबाईंनीही तेच बजावलं होतं, जरा गोड शब्दांत. ऑगस्टमध्ये त्या येऊन बघणार. एकटीने नवऱ्याला कुशीवर वळवून उठवून बसवता आलं तर तो घरी, नाहीतर त्याची रवानगी वृद्धाश्रमात. म्हणून हर्लिंडाने गॅरेजमधली त्याची व्यायामाची बेंच आणि लोखंडी वजनं पुसून काढली होती.

लारेडो शहरातला भट्टीसारखा जुलै. गॅरेजचं पत्र्याचं दार वर केलं असतं तर निदान वारा फिरला असता. पण रोज साडेचारला अन्सेल्मोचा ट्रक त्या रस्त्याने घरी जाई, आणि घामाने निथळणारी, धापा टाकणारी वहिनी त्याला दिसायला नको होती. म्हणून दार खाली. पंखा गरमच हवा तोंडावर फेकी. त्यात तिचं वय असं, की अंग आतूनही पेटे. मानेवर ओलं फडकं, पाण्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ, हाताला खडूची पूड, बेंचवर जुना टॉवेल. दोन खेपांच्या मध्ये जपमाळेचे दहा मणी ओढायचे, तेवढीच विश्रांती. माळ तिने एक दिवस चुकवली नव्हती. आता व्यायामही त्याच नेमात बसला होता.

काल घामाने हात निसटून रॉड कलला होता आणि एक प्लेट धाडकन फरशीवर आदळली होती. आज तिने दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट बसवल्या. प्लेट पडायला नको, एवढंच डोक्यात होतं.

बेंचवर उताणी पडून ती रॉड वर ढकलत होती; पाचव्या वेळेला तो छातीवर उतरला आणि तिथेच बसला. तिने रेटा दिला. रॉड इंचभर हलला, परत टेकला. मग तिने तो डावीकडे कलता केला. प्लेटा जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा कुठे तिला क्लिपा आठवल्या.

पंच्याण्णव पौंड. श्वास अर्धाच येत होता. घाम कानांत साचला, डोळे चुरचुरले, पुसायला हात मोकळा नव्हता. भिंतीपलीकडे रोहेलिओ जागा असेल. धप्प असा काही आवाज झालाच नव्हता, मग त्याला कळणार कसं? आणि कळूनही तो काय करणार?

तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा ओळखीचा खरखराट आला. दाराबाहेर जरा मंदावलाही. तिने तोंड उघडलं. "अन्सेल्मो" एवढं म्हणण्याइतका श्वास छातीत होता. नंतर स्वतःशी तिने ते कबूल केलं. नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. ट्रक गेला.

मग अंगावर काटा उभा राहिला. एवढ्या उकाड्यात थंडी वाजली. घाम असताना शहारे आले की शरीर हार मानतंय, हे तिला ठाऊक होतं. ती मनात म्हणाली, माते, मला इथून उठव. मी पायी दिराच्या दारात जाईन. मीच आधी बोलेन.

तिने हनुवटी छातीला टेकवली आणि रॉड पायांकडे लोटायला लागली. भिजलेल्या सदऱ्यावरून तो बोटबोट सरकला. फासळ्या. पोट. पोटावर आला तेव्हा डोळ्यांपुढे पांढरं झालं, ओकारी घशाशी आली. ती थांबली नाही. कमरेच्या हाडांवर आल्यावर कशीबशी उठून बसली, आणि रॉड मांडीवर घेऊन बराच वेळ तशीच राहिली, जणू कुणाचं मूल सांभाळतेय.

घरात गार हवेत बसून तिने मिठाचं पाणी घोटघोट संपवलं. थरथर ओसरल्यावर अंग पुसून कोरडा झगा घातला. रोहेलिओ दाराकडेच बघत होता. त्याने लालभडक रेघ पाहिली, गळ्याखाली आडवी.

"रॉडपाशी उभं राहायला माणूस हवा," ती म्हणाली. "अन्सेल्मोला सांगून येते."

तो म्हणाला, "हो."

तिने पाण्याचा पेला त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. गाडीची किल्ली खुंटीलाच राहू दिली. छत्री उघडून ती तापलेल्या रस्त्याला लागली, दोन गल्ल्या पलीकडे.