डाव्या कुशीची शिवण

इनले सरोवरावरच्या बायकांना कोणाचा नवरा कुठल्या पायाने वल्हवतो ते सदरा बेततानाच कळतं. नावेच्या उजव्या रांगेतला गडी जन्मभर डाव्या पायावर उभा राहतो, उजवा पाय वल्ह्याला गुंडाळून पाणी मागे रेटतो. त्याची उजवी कूस फुगते, डावी मिटून बसते. को म्यात असा पक्का उजवा. त्याच्या बायकोने, मा न्वेने, जत्रेतल्या नावांच्या शर्यतीसाठी त्याचा सदरा शिवला तो उजवीकडे ऐसपैस आणि डावीकडे चापून.

आणि नेमका तेव्हाच डाव्या रांगेतला एक गडी बांबूच्या साकवावरून घसरला नि घोटा मोडून घेतला.

"म्यात, डावीकडे ये," नावेचे म्होरके ऊ फो थाउंग म्हणाले.

"ऊले, काका, माझा डावा पाय नुसता उभा राहायला शिकलाय हो!"

"मग आता त्याला काम शिकव. शर्यतीत ताल चुकलास तर पुन्हा या नावेवर पाय ठेवायचा नाही. तरणी पोरं टपून बसलीत."

म्हातारा बोलला की बोलला. को म्यातचा जीवच टांगणीला लागला. वर्षभर टोमॅटोच्या तरंगत्या वाफ्यांत राबणारा हा माणूस, पण जगायचा तो जत्रेच्या त्या एका सकाळीसाठी. बाप याच नावेवर उभा राहिलेला, आजाही.

पहिल्या दिवशी तो धपकन पाण्यात पडला. वाफ्यांवरून लोक खिदळले, "आमचं बदक याच्यापेक्षा बरं की!" पण पाय हळूहळू वळला. दगा दिला तो दमाने. अर्ध्या वाटेवर छाती भरून यायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. छाती तीच, गडी तोच. उजवीकडून हाच माणूस गाणी म्हणत पैलतीर गाठायचा! मग आताच काय धाड भरली होती?

शर्यत तोंडावर आलेली. भर दुपारी हळदीचा भात आणि मासा तसाच टाकून तो जमिनीवर आडवा झाला नि धापा टाकू लागला. मा न्वे शेजारी बसून सूत गुंडाळत होती. तिचा हात मध्येच थांबला.

"अहो, तुमची डावी कूस हलतच नाहीये."

"म्हणजे अर्धा मेलो की काय मी?"

"गप्प बसा हो! बघू दे." तिने दोन्ही बरगड्यांवर तळवे ठेवले. उजव्या कुशीवरचा हात वर जायचा, डावीवरचा फळीवर ठेवल्यासारखा. "अगं बाई! सगळा वारा उजवीकडेच जातोय. आता डावीकडून वल्हवताना तुम्ही उजवीकडे झुकता, ती बाजू मिटते. आणि ही डावी तर उघडायचंच विसरलीय. वारा जाणार कुठे, माझ्या डोक्यावर?"

"मग काय करू?"

"नुसते घेत सुटलाय, सोडत काही नाही. आधी सोडा. अजून. अजून!"

त्याने पोट पाठीला लागेस्तोवर श्वास सोडला. तिने उजवी कूस दाबून धरली. क्षणभर काहीच नाही. आणि मग, त्याने न ओढताच, वारा आपसूक आत आला, डाव्या कुशीवरच्या तिच्या तळव्याखाली. बरगड्या एकेक करून हलल्या. को म्यातचे डोळे विस्फारले. घरातल्या कायम बंद खोलीचं दार कुणी उघडावं आणि ती खोली एवढी मोठी निघावी, तसं झालं. इतकी वर्षं आपण या देहात राहतोय, आणि हे आपल्याला ठाऊकच नव्हतं! त्याला रडूच फुटलं.

तो उठून उभा राहिला. दोन्ही टाचा जमिनीला सारख्या टेकल्या. त्याने खोलीभर पाहिलं.

"न्वे, घर सरळ झालं गं."

मा न्वे हसून हसून बेजार झाली. घर डावीकडे कलतंय म्हणून याने खाली पाण्यात दोन जादा खांब ठोकले होते, शेजाऱ्यांशी भांडून बांबू आणले होते. घर बिचारं सरळच होतं.

त्या दिवसापासून तो आधी सोडायला शिकला. पाय रेटताना श्वास बाहेर, पाय परतताना डावीकडून आत. उघड्या अंगाने सराव चालायचा, त्यामुळे सदऱ्याची आठवण कुणालाच झाली नाही.

शर्यतीच्या सकाळी ढोल वाजले. अर्धी वाट आली, तो जीवघेणा टप्पा. को म्यातने सगळा वारा सोडला. आणि छातीत श्वास मावेना इतका आला. पुढच्याची पाठ, मागच्याचा हुंकार, त्याचा स्वतःचा, सगळे एका दमात चाललेले, जणू अख्ख्या नावेला एकच छाती. केवढं अजब हे! कानाशी टर्रकन आवाज झाला. बरगडी मोडली, त्याला वाटलं. मोडू दे. ताल काही त्याने सोडला नाही.

नाव दुसरी आली, हातभराने मागे. को म्यात काठावर उतरला तर डाव्या कुशीची शिवण काखेपासून खालपर्यंत उसवलेली, आणि आत बरगड्या भात्यासारख्या चालू. मा न्वेने तोंडावर हात दाबला.

ऊ फो थाउंग आले. त्यांनी त्या फाटक्या शिवणीकडे बघितलं, मग मा न्वेकडे.

"पोरी, पुढच्या वर्षीचा सदरा बेतशील ना," ते म्हणाले, "तेव्हा कापड दोन्हीकडे जास्त ठेव."